रॉचेस्टरची डिकन्स जत्रा : धोतर-पगडी चालेल का?

मेडवेकाठ

नमस्कार मंडळी. दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी गेला की आमच्याकडे दुसऱ्याच जत्रेचे वेध लागतात, त्याबद्दल बरेच दिवस लिहायचं होतं आणि एक प्रश्न पण आहे, तो शेवटी विचारते.

आम्ही केंटमधे मेडवे नदीकाठी राहतो, रॉचेस्टर घरापासून बसने पंधरा मिनिटं. गाव लहान. एक कॅथेड्रल, एक पडका किल्ला आणि खाली एकच लांब हाय स्ट्रीट. डिसेंबरच्या सुरुवातीच्या शनिवार-रविवारी इथे इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्सच्या नावाने ख्रिसमस जत्रा भरते आणि या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. डिकन्स जन्मला पोर्ट्समथला, १८१२ साली, पण वय वर्षं पाच ते दहा तो शेजारच्या चॅटममधे वाढला, वडील गोदीत पगारखात्यात कारकून होते. फिरायला जाताना वाटेत गॅड्स हिल नावाचं मोठं घर लागायचं, वडील म्हणायचे नीट कष्ट केलेस तर असल्या घरात राहशील. १८५६ साली त्याने तेच घर विकत घेतलं आणि १८७० मधे तिथेच गेला. त्यामुळे हे गाव त्याला आपलं म्हणतं त्यात काही खोटं नाही, त्याच्या कितीतरी पुस्तकांत नाव बदलून हाच रस्ता आलाय.

जत्रेत काय असतं? त्याच्या पुस्तकांतली पात्रं. कंजूष स्क्रूज रागावत फिरत असतो, मिस हॅव्हिशॅम पिवळ्या पडलेल्या लग्नाच्या झग्यात येते, पिकविकच्या पोटावरची बटणं ताणलेली, टॉप हॅटवाले, शालीवाल्या बायका, काजळी फासलेली धुराडी साफ करणारी पोरं. किल्ल्याच्या बागेत बाजार. मशीनमधून फेसाचा बर्फ पडतो आणि सगळी पोरं त्याखाली तोंड वर करून उभी. अंधार पडला की कंदिलांची मिरवणूक निघते. गेल्या वर्षी माझ्या लेकीच्या हातात कागदी कंदील होता, पुढे कुणीतरी कॅरोल, म्हणजे नाताळचं गाणं, म्हणायला लागलं आणि सगळा रस्ता म्हणायला लागला. मला एकदम काकड आरतीला जाताना आईचा हात धरायचे ते आठवलं.

आता प्रश्न. माझे सासरे, आबा, कराडचे, निवृत्त शिक्षक, या वर्षी आमच्याकडे आहेत. शेजारच्या बाई दरवर्षी एका ग्रुपबरोबर वेशभूषा करून मिरवणुकीत चालतात, त्यांनी आबांना पण बोलावलंय. आबा म्हणतात येतो, पण मी कोट-हॅट घालून साहेब होणार नाही, माझं धोतर, अंगरखा आणि पगडी. नवरा म्हणतो ते विसंगत दिसेल, लोकांना वाटेल जत्रा चुकली. तुम्हाला काय वाटतं? कुणी अशा जत्रांना गेलंय का?

केशरी_भात

काय सुंदर लिहिलंयस गं! फोटो टाक ना. आणि ही जत्रा तेव्हापासून चालत आलीये का?

मेडवेकाठ

नाही गं, ही आत्ताची, नगरपालिका भरवते. पण इथेच मे महिन्यात अजून एक असते ती मला जास्त आवडते. धुराडी साफ करणाऱ्या पोरांना वर्षात एकच सुट्टी, १ मे. त्या दिवशी ती नाचत रस्त्यावर यायची, डिकन्सने तरुणपणी त्यावर लिहिलंय. पुढे लहान पोरांना धुराड्यात चढवायला कायद्याने बंदी झाली, १८७५ च्या कायद्यानंतर ते खऱ्या अर्थाने थांबलं, आणि मग तो सणही विझला. १९८१ मधे लोकांनी परत सुरू केला. पहाटे हिरव्या पाल्याने मढवलेल्या माणसाला जागं करतात, मग दिवसभर घुंगरं बांधून नाच.

आयसलकाठचा

मी नेदरलँड्समधे आहे, डेव्हेंटरपासून गाडीने अर्धा तास. तिथल्या डिकन्स जत्रेला तीन वेळा गेलोय म्हणून लिहितो. आधी हे सांगतो की डिकन्सचा आणि डेव्हेंटरचा काडीचाही संबंध नाही. १९९१ मधे जुन्या बेर्ख भागातल्या एका गल्लीतल्या दुकानदारांच्या पुढाकाराने हे सुरू झालं आणि आता डिसेंबरमधल्या एका शनिवार-रविवारी लाखाच्या वर माणूस येतं. पात्रं किती, तर साडेनऊशेच्या वर! आणि ही सगळी हौशी माणसं, बरीचशी त्या भागातच राहणारी. आम्ही गेलो तेव्हा प्रवेश फुकट होता, पण रांग, बाप रे, आम्ही एकदा पावणेदोन तास उभे होतो पोरांना घेऊन. आत सोडताना मोजून सोडतात कारण गल्ल्या अरुंद, फिरायची दिशा एकच.

पण आत गेल्यावर मी जे बघितलं ते सांगतो. एका घराच्या खिडकीत म्हातारी मोजे विणत बसलेली, मेणबत्तीच्या उजेडात, तिने आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पायरीवर अनाथ पोरं फाटक्या कपड्यात बसलेली, एक मुलगी माझ्या पोराकडे हात पसरून काहीतरी म्हणाली. माझा पोरगा सहा वर्षांचा, त्याने खिशातलं बिस्कीट काढून दिलं आणि मला विचारलं की बाबा ही रात्री कुठे झोपते. मी म्हटलं अरे ती इथलीच आहे, नाटक करतेय. त्याला ते पटलंच नाही, घरी येईपर्यंत विचारत होता. मला वाटतं जत्रा तिथे जिंकली. म्हणून ताई, नुसत्या झालरी आणि सांताच्या टोप्या असतील तर ती बाजारपेठ झाली, गरीब पात्रं असतील तर ती डिकन्सची जत्रा. आणि आबांना पगडीतच पाठवा.

खारा_वारा

आमच्या ह्यूस्टनजवळ गॅल्व्हस्टन बेटावर पण आहे, डिसेंबरच्या पहिल्या वीकेंडला, सत्तरच्या दशकापासून. तिथल्या मुख्य रस्त्याचं नावच स्ट्रँड, लंडनच्या स्ट्रँडवरून ठेवलेलं. डिकन्स दोनदा अमेरिकेत आला, १८४२ आणि १८६७-६८ ला, पण टेक्ससला कधी आला नाही. तरी ही जत्रा तिथे शोभते त्याचं कारण मला फार हृद्य वाटतं. एके काळी हे टेक्ससचं सगळ्यात श्रीमंत बंदर, बिडाच्या कमानींच्या इमारती, बँका, कापसाचे व्यापारी. १९०० साली चक्रीवादळ आलं, हजारो माणसं गेली, सहा हजार तरी धरतात. मग व्यापार सरकला ह्यूस्टनकडे आणि त्या इमारती जुन्या झाल्या, पडायला आल्या, पण पाडून नवीन बांधायला कुणाकडे पैसा नव्हता म्हणून उरल्या. तिथल्या वारसा जपणाऱ्या संस्थेने लोकांना या रस्त्यावर परत आणायला ही जत्रा सुरू केली, तिकिटाचे पैसे त्याच कामाला जातात. वेशभूषा करून आलात तर तिकीट स्वस्त. व्हिक्टोरिया राणीची स्वारी निघते, मागच्या बाजूला समुद्र, बंदरात १८७७ चं एलिसा नावाचं शिडाचं जहाज. थंडी मात्र बेताची, कधी कधी लोकरी कोटात घाम फुटतो.

साडी नेसून गेलेल्या एक काकू बघितल्यात मी तिथे, कुणी काही म्हटलं नाही, उलट लोक फोटो काढायला थांबत होते.

पाटावरवंटा

सगळे कपड्यांचं बोलताय, खाण्याचं कुणीच नाही 😊 भाजलेले चेस्टनट, मसाला घातलेली गरम वाइन, मिन्स पाय हे सगळीकडेच मिळतं, पण मला डिकन्सच्या 'अ ख्रिसमस कॅरोल' या गोष्टीतला, स्क्रूजच्या गरीब कारकुनाच्या क्रॅचिट कुटुंबाचा हंस फार जवळचा वाटतो. तेव्हा लंडनमधल्या गरिबाच्या खोलीत भट्टी नसायचीच, चुलाण असायचं फक्त. मग हंस गल्लीतल्या बेकरीवाल्याकडे नेऊन द्यायचा, पाव काढून झालेल्या गरम भट्टीत तो भाजून द्यायचा. त्या गोष्टीतली पोरं बेकरीवरून जाताना वासावरून ओळखतात की हा आपलाच हंस. हे वाचलं आणि मला आमच्या इचलकरंजीची बेकरी आठवली. मे महिन्याच्या सुट्टीत आई तूप, मैदा, रवा, पिठीसाखर डब्यात भरून द्यायची, आम्ही भावंडं नंबर लावून बसायचो आणि आमचे पत्रे कुठले ते लक्षात ठेवायचो, नानकटाई भाजून पत्र्याच्या डब्यात घालून डोक्यावरून घरी. अगदी तेच की हो! आणि हंसासाठी वर्षभर आठवड्याला थोडे थोडे पैसे टाकायचे त्याचे क्लब असायचे, म्हणजे आपली भिशीच. माझ्या आजीची भांड्यांची भिशी होती.

कुठल्या जत्रेत तो बेकरीवाला उभा करत असतील तर मला जरूर कळवा.

चारभिंती

मी जरा वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. मेडवेकाठ ताई, ज्याच्या नावाने आपण कंदील घेऊन चालतो त्याने ४ ऑक्टोबर १८५७ ला आपल्या एका श्रीमंत मैत्रिणीला पत्र लिहिलंय. त्यात म्हणतो, मी हिंदुस्थानात सेनापती असतो तर या अत्याचारांचा डाग ज्या वंशावर आहे तो नष्ट करायला जमेल ते सगळं केलं असतं. वंश म्हणतो, शिपाई नाही. त्याच वर्षी त्याच्या साप्ताहिकाच्या नाताळ अंकात विल्की कॉलिन्स या लेखकमित्राबरोबर जी गोष्ट छापली तीही या उठावाच्या संतापातूनच आलेली. मी साताऱ्याचा आहे. आमच्याकडे गेंडामाळावर १८५७ च्या सप्टेंबरमधे सतरा जणांना मारलं, कुणाला फाशी, कुणाला तोफेच्या तोंडी, कुणाला गोळ्या घालून. त्या पत्राच्या आधी महिनाही झाला नव्हता. गरीब इंग्रज पोरासाठी ज्याचं काळीज तुटतं त्याला आमची माणसं दिसली नाहीत. मी तरी त्या मिरवणुकीत चालू शकणार नाही.

खारा_वारा

हे मला माहीत नव्हतं. वाचून वाईट वाटलं.

ढगाळ_सकाळ

त्याचा स्वतःचा मुलगा वॉल्टर त्याच उन्हाळ्यात, सोळाव्या वर्षी, कंपनीच्या फौजेत हिंदुस्थानला निघाला होता, तेव्हा बापाची भीती त्या पत्रात आहे असं म्हणणारे पण आहेत. वॉल्टर १८६३ च्या ३१ डिसेंबरला कलकत्त्यात गेला, बावीस वर्षांचा. बातमी पोचली ७ फेब्रुवारीला, डिकन्सच्या वाढदिवशी. पण भीती वाटली म्हणून अख्खा वंश संपवायची भाषा, हे मलाही पचत नाही. चारभिंती यांच्याशी सहमत.

मेडवेकाठ

दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण विचार करत होते. चारभिंती दादा, राग कसला, बरं केलंत लिहिलंत. हे पत्र मला माहीत नव्हतं. काल आबांना वाचून दाखवलं, ते बराच वेळ गप्प बसले.

मी जत्रेला का जाते ते सांगते. १८४३ मधे या माणसाने खाणीत आणि कारखान्यात राबणाऱ्या पोरांवरचा सरकारी अहवाल वाचला. लंडनमधली अगदी दरिद्री पोरांची शाळा बघून आला. आधी ठरवलं होतं की गरिबाच्या मुलाच्या बाजूने एक पत्रक काढायचं. ते न काढता सहा आठवड्यांत ख्रिसमसची गोष्ट लिहिली, १९ डिसेंबरला पुस्तक आलं आणि नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत सहा हजार प्रती संपल्या. किंमत पाच शिलिंग. तो स्वतः बाराव्या वर्षी बुटाच्या पॉलिशच्या बाटल्यांवर लेबलं चिकटवत होता, आठवड्याचे सहा शिलिंग, कारण वडील कर्जापायी तुरुंगात. म्हणजे पाच शिलिंग त्याच्या त्या वेळच्या जवळजवळ आठवड्याच्या पगाराएवढे. त्या गोष्टीत एक भूत झग्याखालून दोन वाळलेली पोरं बाहेर काढून दाखवतं, एकाचं नाव अज्ञान, दुसरीचं नाव दारिद्र्य. आमच्या जत्रेत स्क्रूज असतो, भुतं असतात, क्रॅचिटचा पांगळा पोरगा टायनी टिम पण असतो खांद्यावर, पण ही दोन पोरं मी आजवर कधी बघितली नाहीत. डेव्हेंटरच्या पायऱ्यांवर ती आहेत हे वाचून बरं वाटलं.

आमच्या हाय स्ट्रीटवर अजून एक घर आहे, मला या गावातलं सगळ्यात आवडतं. रिचर्ड वॉट्स नावाच्या गृहस्थाने १५७९ च्या मृत्युपत्रात लिहून ठेवलं की रोज सहा गरीब वाटसरूंना एक रात्र फुकट निवारा, जेवण आणि प्रत्येकी चार पेन्स द्यायचे, ते लबाड नसावेत अशी अट. धर्मशाळाच आपली. १९४० पर्यंत चालू होती! डिकन्सने त्यावर १८५४ च्या नाताळात गोष्ट लिहिली आणि त्यात स्वतःला सातवा वाटसरू केलं. भिंतीवर पाटी अजून आहे. जत्रेतली सगळी गर्दी त्या पाटीसमोरून जाते.

तर मला त्याचं हे पण घ्यायचंय आणि ते पत्र पण विसरायचं नाहीये. कसं ते कळत नाही, खरंच.

दप्तरी

मूळ प्रश्न पगडीचा होता ना? मग ऐका, आबांसाठी माणूस आहे माझ्याकडे.

रंगो बापूजी गुप्ते. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराजांना कंपनीने १८३९ मधे गादीवरून काढलं, त्यांची दाद मागायला हे वकील म्हणून लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तिथेच लढत राहिले. महाराज १८४७ मधे काशीला वारले, १८४८ मधे राज्य खालसा झालं, तरी हा माणूस अर्ज लिहितोय, भाषणं करतोय, कंपनीच्या भागधारकांपुढे उभा राहतोय, पैसे संपलेत, कर्ज झालंय, तरी हटत नाहीये. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी सविस्तर लिहिलंय त्यांच्यावर. म्हणजे १८४३ च्या डिसेंबरात ते पुस्तक लंडनच्या दुकानात आलं तेव्हा त्याच शहरात, त्याच धुक्यात, एक मराठी माणूस न्याय मागत दारोदार फिरत होता. परत आल्यावर १८५७ च्या कटात त्यांचं नाव आलं, ते निसटले ते कायमचे, कुणाला सापडले नाहीत. चारभिंती, तुम्ही ज्या सतरा जणांचं लिहिलंत त्यात त्यांचा मुलगा सीताराम होता.

विसंगत कसलं? धोतर-पगडी त्या काळाचीच आहे, त्या गावची पण आहे.

आणि बायकांसाठी सांगायचं तर पंडिता रमाबाई १८८३ मधे इंग्लंडला गेल्या, चेल्टनहॅमला शिकल्या आणि शिकवलं. रखमाबाईंनी लंडनला डॉक्टरकी केली, १८९४ पर्यंत तिथे होत्या. डिकन्स गेल्यानंतरचं आहे हे, पण राणीचं राज्य १९०१ पर्यंत होतं, त्यामुळे व्हिक्टोरियन काळात लुगडं बसतं.

केशरी_भात

अंगावर काटा आला वाचताना.

चारभिंती

दप्तरी सर, हे सुचलंच नव्हतं मला. आबा रंगो बापूजी होणार असतील तर माझं म्हणणं मी मागे घेत नाही, पण आबांनी जरूर जावं. हातात कागदांची पुडकी द्या. वकील होते ते.

पाटावरवंटा

धोतराच्या आत थर्मल! दोन! आणि पायात लोकरी मोजे, फोटोत नाही दिसत. पगडीच्या आत कापूस बसतो थोडा, कान झाका.

मेडवेकाठ

आबांना आत्ताच वाचून दाखवलं. चहा तसाच ठेवून उठले आणि बॅगेतून पगडी काढून पुसायला बसलेत. कागदांसाठी जुना ब्राऊन पेपर चहाच्या पाण्यात बुडवून वाळत घातलाय, लेक त्यावर मोडीसारखं काहीतरी काढतेय, आबा तिला खरी मोडी दाखवतायत. ती स्वतः काय होणार ते पण तिने ठरवलं, फाटकी शाल आणि गळ्यात पाटी, पाटीवर अज्ञान असं इंग्रजीत लिहायचं. शेजारच्या मैत्रिणीला दारिद्र्य व्हायला सांगितलंय.

मेडवेकाठ

मंडळी, झाली मिरवणूक. रविवारी रात्री लिहितेय, पाय दुखतायत.

पाऊस भुरभुर होता आणि वारा नदीवरून थेट अंगावर. आबा पिकविकच्या मागे आणि मिस हॅव्हिशॅमच्या पुढे होते. एका हातात कंदील, एका काखेत लाल फीत बांधलेली कागदांची पुडकी, पगडी जराही हलू दिली नाही. दोन्ही पोरी त्यांच्या अंगरख्याची टोकं धरून, आधी बुजल्या होत्या, मग एका बाईंनी गुडघ्यावर बसून दोघींच्या पाट्या वाचल्या आणि डोळे पुसले, त्यानंतर ताठ चालायला लागल्या. लोक आबांना विचारत होते तुम्ही कोण, आणि आबा प्रत्येक वेळी थांबून पूर्ण सांगत होते, सातारा, प्रतापसिंह, चौदा वर्षं, त्यामुळे मागची सगळी मिरवणूक अडायची आणि नवरा पुढे या पुढे या करत होता. एक म्हातारे गृहस्थ, टॉप हॅटवाले, शेवटपर्यंत त्यांच्या बाजूने चालले आणि नाव कसं लिहायचं ते कागदावर लिहून घेतलं.

सहा वाटसरूंच्या घरापाशी आबा आपणहून थांबले. कंदील वर धरून पाटी वाचली, चार पेन्सपर्यंत आले तेव्हा एक सात-आठ वर्षांचा मुलगा त्यांच्याकडे बघत म्हणाला, तुम्ही कुठल्या पुस्तकातले?

आबा म्हणाले, पुस्तकातला नाही बाळा, ते पुस्तक निघालं तेव्हा मी लंडनमधेच होतो, माझ्या राजाचं काम घेऊन आलो होतो.

मुलाने विचारलं, मग झालं का काम?

आबांनी नाही म्हणून मान हलवली. त्याने खिशातून चॉकलेटचं सोनेरी नाणं काढून आबांच्या हातावर ठेवलं. ते नाणं आता आमच्या देव्हाऱ्यात आहे, आबा खाऊ देत नाहीयेत कुणाला.

फोटो उद्या टाकते.

चारभिंती

आबांना माझा नमस्कार सांगा ताई. उद्या सकाळी गेंडामाळावर जातोय, तिथला फोटो मी टाकतो, तो पण दाखवा त्यांना.